दवाखान्याचा चेंडू

"मार्केलला सांगा, जॅकोरीच्या अंगावर पूर्ण जोरानं ये. आणि चेंडू जरा उंच फेकायला लावा," हॅस्किन्स म्हणाला. "मला एकदाच बघायचंय."

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच ओथा गँडी ह्यानं शिट्टी तोंडातून काढली. "सरावात?"

"सरावातच. मे महिना आहे, पोरं पूर्ण चिलखतात आहेत, मी इथं आहे. अजून काय पाहिजे?"

हॅस्किन्स मोठ्या कॉलेजाचा माणूस. अलाबामाच्या ह्या भागातली शाळकरी पोरं पारखायची, हे त्याचं काम. हातातला फोन त्यानं पुन्हा ओथाच्या नाकापुढं धरला. नोव्हेंबरातला सामना. जॅकोरी मैदानाच्या मधून आडवा पळतोय, चेंडू डोक्यावरून येतोय, समोरून दुसऱ्या संघाचा राखणारा त्याला पाडायला रेड्यासारखा अंगावर धावतोय. ऐन वेळी जॅकोरीचे वर गेलेले हात कोपरात मिटतात. चेंडू निघून जातो.

"मगरीचे हात," हॅस्किन्स म्हणाला. "आखूड. बाकी सगळं झकास आहे हो कोच. पाय आहेत, उंची आहे, पंजे तर फावड्यासारखे. पण मधून पळणारा घाबरट असला, तर आमच्या काय कामाचा?"

नियमानं ह्या महिन्यात हॅस्किन्सनं पोराशी बोलायचं नव्हतं. म्हणून तो ओथाशी बोलत होता. पण एवढ्या मोठ्यानं, की दहा पावलांवर पाणी पिणाऱ्या जॅकोरीला शब्द न् शब्द ऐकू जावा. नियम पाळायची ही तऱ्हा!

"त्याच चित्रफितीत पुढं बघा. तिसऱ्याच खेळीत त्यानं तिथंच चेंडू घेतलाय. मार खाऊन घेतलाय."

"बघितलंय. तेव्हा राखणारा उशिरा आला होता."

पोराला भीती वाटली होती, एवढंच. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला, आख्ख्या मोसमात, एकदा. बरगड्या उघड्या टाकून दोन्ही हात आभाळाकडं करायचे आणि अंगावर येणाऱ्याकडं बघायचंही नाही, ह्यात भीती वाटू नये तर कशात वाटावी? असल्या उंच फेकीला इकडं दवाखान्याचा चेंडू म्हणतात, कारण घेणारा थेट दवाखान्यात पोचतो. चुकून फेकला जातो, तेव्हा फेकणारा रात्रभर माफी मागत फिरतो. मुद्दाम फेकायला ओथानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि हे सांगणारा माणूस कोण? जानेवारीत हाच हॅस्किन्स त्यांच्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसला होता, जॅकोरीच्या आईच्या, व्हर्लीनच्या शेजारी. पास्टरांचं प्रवचन त्या दिवशी काय लागलं होतं! आधी नुसतं बोलणं, मग बोलण्याला लय, मग एकेका श्वासामागं ऑर्गनची साथ, आणि बघता बघता शब्दांचं गाणं झालं. "गा, पास्टर, गा!" म्हणून त्या चर्चचा कारभार बघणारा डीकन ओथा स्वतः ओरडला होता. देव त्या छताखाली उतरला होता, ह्यात त्याला आजही शंका नव्हती. हॅस्किन्स रडला होता. खरे अश्रू. मग व्हर्लीनच्या टेबलावर रश्शातली कोंबडी, हिरव्या पाल्याची भाजी आणि मक्याची भाकरी तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला होता, "बाई, ह्याला मी पोटच्या पोरासारखा जपेन."

"लावा ना फेकायला, कोच," जॅकोरीनं हाक दिली. बाटली खाली टाकून तो जागेवर जाऊन उभाही राहिला. "मी तयार आहे, सर."

सरावात समोरून राखणारा मार्केल हळूच ओथाजवळ आला. दोनशे वीस पौंडांचं धूड, पण चेहरा उतरलेला. दोघं एका गल्लीत वाढलेले. "कोच, मी थोडा हळू येऊ का?"

"हळू नको," हॅस्किन्स म्हणाला. "हळू आलास तर मला कळेल."

ओथाचं डोकं सणकलं.

"दात नाही बघितलेत?" तो म्हणाला.

"काय?"

"त्याचे दात. गुलामांच्या लिलावात माझ्या खापरपणज्याचे आधी दात बघितले होते. मग पळवून बघितला, मग फटका मारून बघितला, ओरडतो का ते. हितंच, कोर्टाच्या पायऱ्यांसमोर. तुम्ही पहिलीच पायरी गाळलीत."

हॅस्किन्स मानेपर्यंत लाल झाला. "हे बरं नाही, कोच. मी पोराचं भलं करायला आलोय. माझ्याकडं संघात फीमाफीची एकच जागा उरलीय. वर जाऊन मी काय सांगू? की बघू दिलं नाही?"

"सांगा, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय."

आणि ओथानं शिट्टी फुंकली, लांबलचक, सराव संपल्याची. पोरं जागच्या जागी थबकली. अजून ऊनही उतरलं नव्हतं. हॅस्किन्सनं फोन खिशात टाकला, गाडीत बसला आणि गेला.

जॅकोरी मैदानाच्या मधोमध तसाच उभा होता. मग चालत आला. शिरस्त्राण हातात, डोळे लाल.

"मला विचारलंत?"

"जॅकोरी, ऐक..."

"मी घेतला असता तो चेंडू! मार्केलनं माझं हाड मोडलं असतं ना, तरी घेतला असता. तुम्हाला नव्हता वाटत विश्वास?"

"विश्वासाचा प्रश्न नव्हता, बाळा."

"मी एकदा हात आखडले, तर सहा महिने सगळा गाव मला मगर म्हणतोय. आज तुम्ही आखडलेत. तुम्हाला कोण काय म्हणणार?"

ओथाचा राग अजून गेला नव्हता, पण तो आता नक्की कुणावर आहे, हेच त्याला कळेना.

पोरांना घरी सोडणारी पिवळी बसही ओथाच चालवायचा. जॅकोरीची जागा त्याच्या पाठीमागची पहिली. आज तो सगळ्यांना ओलांडून शेवटच्या बाकावर जाऊन बसला. कुणी गाणं लावलं नाही. मार्केल खिडकीकडं तोंड करून होता.

व्हर्लीनच्या घरासमोर ओथानं बस थांबवली, लाल दिवे लावले, दार उघडलं. उतरताना "थँक यू, कोच" म्हणायचं, ही इथल्या पोरांची रीत. उनाडातला उनाडही म्हणतो. जॅकोरी उतरला तो तोंड मिटून.

व्हर्लीन फाटकाशीच उभी होती. कोंबड्या कापायच्या कारखान्यातून नुकतीच आलेली, केसांवरची जाळीही काढलेली नव्हती. बातमी फोनवरून आधीच पोचली होती. पोराला वाट देऊन ती सरळ बसच्या पायरीवर चढली.

"डीकन गँडी, त्याची आई कोण आहे?"

"व्हर्लीन, तो माणूस त्याला..."

"त्या माणसाचं मला नका सांगू! त्याला मी माझ्या हातानं वाढलंय, त्याचा राग मी माझा बघून घेईन. माझ्या पोराची आई कोण आहे, ते सांगा."

"तू."

"मग मला फोन का नाही केलात?"

ओथा स्टिअरिंगकडं बघत राहिला. "केला असता, तर काय म्हणाली असतीस?"

डोळ्यांतलं पाणी तिनं मनगटानं रागारागानं पुसलं.

"नाहीच म्हणाले असते," ती म्हणाली. "पण ते 'नाही' माझं होतं. पोरानं ते माझ्यावर काढलं असतं, जन्मभर काढलं असतं. ते सोसायचं काम माझं होतं. तुम्ही ते परस्पर उचललंत."

ती उतरली. जॅकोरी ओसरीवर पाठमोरा बसून बुटांच्या नाड्या ओढत होता. गाठ बसली होती, सुटत नव्हती. ती शेजारी बसली. त्यानं तिचा हात झटकला. थोड्या वेळानं पाय तिच्यापुढं केला.

बसमागं गाड्या साचत गेल्या होत्या. समोरून एक लाकडांनी भरलेला ट्रकही येऊन थांबला. शाळेच्या बसचे लाल दिवे लागले असले, की इथं कुणी हलत नाही. पोर घरात जाईपर्यंत थांबायचं.

दोघं मायलेक अजून ओसरीवरच होती. ओथानं दार बंद केलं नाही. कुणी भोंगा वाजवला नाही.