‘एम’ बॅचमधले तारे

चारुता दारावरचा ‘एम’ लिहिलेला स्टिकर नखाने खरवडत होती. निघेना. मेला चिकटवलाय तरी कसा!

पनवेलच्या त्या क्लासमधली ही सगळ्यात मागची खोली, संडासाला लागून. गेल्या आठवड्यात चारुताने दहावीच्या मुलांना ताऱ्यांचे प्रकार सांगितले होते. सगळ्यात तापलेले निळे ते ‘ओ’, मग बी, ए, एफ, जी, के, आणि सगळ्यात थंड, लालसर ते ‘एम’. क्लासचे मालक धर्मराज सर दारात उभे राहून ऐकत होते. मुलांना कळलं न कळलं, सरांच्या डोक्यात मात्र किडा वळवळला. मार्कांप्रमाणे बॅचना ताऱ्यांची नावं! ‘ओ’ला एसी, ‘एम’ला फिनेलचा वास. खाली जिन्यापाशी फ्लेक्सही लागला होता. मधोमध सूर्याच्या जागी सरांचं थोबाड, भोवती टॉपर मुलं.

“मॅडम, मी आत नाही येणार.”

यूम्ना दप्तर पाठीवर तसंच ठेवून उंबऱ्याबाहेर उभी होती. कालपर्यंत ती ‘जी’त होती; चाचणीत मार्क घसरले आणि आज ‘एम’मध्ये.

“मला सायन्स नाही जमत. अम्मी खाली थांबलीय, तिला तसं सांगून टाकते.”

हे कोण म्हणतंय, तर यूम्ना! प्रश्न विचारून भंडावून सोडणारी वर्गात एकटी तीच. चारुताने स्टिकरचा नाद सोडला.

“आधी ऐक. जास्त तापलेले तारे लवकर संपतात. छोटे लाल तारे मंद जळतात, पण इतके टिकतात, की त्यांतला एकही अजून म्हातारा होऊन विझलेला नाही.”

“खरंच?”

“अगदी खरं. आणि आपला सूर्य ‘जी’.”

“तो तर मध्ये नुसता बसून असतो.”

“बसतो कुठला! सेकंदाला दोनशेहून जास्त किलोमीटर धावतो, आपल्या सगळ्यांना घेऊन.”

“कुणाभोवती?”

चारुताला हसू आलं. “आकाशगंगेच्या मध्याभोवती. आत ये, काढून दाखवते.”

यूम्ना आत आली. पहिल्या बाकावर बसून तिने वही काढली. आत आधीच बसलेली ‘एम’ची बाकीची मुलंही सरसावून बसली. चारुताला हायसं वाटलं.

“वा मॅडम, वा!” मागून धर्मराज सरांनी टाळ्या वाजवल्या. “मंद जळतात, पण टिकतात! हेच सांगू या ‘एम’च्या पालकांना. खोलीबद्दलची कुरकुर बंद. तुम्ही असं समजावलंत ना, की पोरं कुठेही बसतील.”

चारुताने यूम्नाकडे पाहिलं. ती खरंच बसली होती, नाकाला ओढणी लावून, खुशीत. शी! हिला इथे आपणच बसवलं.

“ऊठ, यूम्ना. दप्तर घे.”

“पण मॅडम, आत्ता तर तुम्हीच...”

“ऊठ म्हणते ना! तुम्हीपण उठा रे सगळे.”

सर मागून ओरडत राहिले. खाली अमिरुन्निसा रिक्षापाशी उभी होती. लेकीबरोबर एवढी मुलं उतरताना बघून ती गडबडली.

“काय झालं मॅडम? सुट्टी दिली?”

“नाही. राहिलेला धडा माझ्या घरी घेते. इथे जवळच आहे. चालेल ना?”

“चालेल की.” अमिरुन्निसाची नजर खाली गेली. “पण मॅडम, तुमच्या चपला?”

चपला वर, क्लासच्या दाराशीच राहिल्या होत्या.

“राहू देत,” चारुता म्हणाली, आणि तशीच अनवाणी मुलांच्या पुढे चालू लागली.