डोंगरावरचा पक्षी

आत्याच्या छापखान्यात कायदा एकच. जुन्या बुजुर्ग चित्रकारांची दहा निसर्गचित्रं रेघ न् रेघ हुबेहूब उतरवायची, त्याशिवाय स्वतःच्या चित्रासाठी कोरा पत्रा मिळायचा नाही. एक रेघ जास्त झाली तरी चित्र बाद. भाची म्हणून बारकीला सवलत? छे, नाव नको! छाप उलटा उठतो, म्हणून मूळ चित्र आरशात बघायचं आणि तांब्याच्या पत्र्यावरच्या मेणात सुईने ओढायचं. पाच वर्षं मान वाकडी करून बिचारी दुसऱ्यांचेच डोंगर कोरत होती, आणि स्वतःच्या चित्रासाठी तिचा जीव नुसता तळमळत होता.

अखेर दहावं चित्र प्रेसमधून निघालं. आत्याने ओल्या कागदावर भिंग धरलं.

"हे काय गं डोंगरावर?"

"पक्षी."

"मूळ चित्रात पक्षी नाहीये."

"नाही कसा? पंख पसरून चांगला उडतोय की!" बारकीने तावातावाने भिंतीवरची तसबीर उतरवून पुढ्यात ठेवली.

पक्षी होता खरा. आत्याने बोट ओलं करून काच घासली, तर पक्षी बोटाला आला.

"माशीची घाण आहे ही. पाच आठवडे खपून माशीची घाण कोरलीस, बाई! वर तिला पंख दिलेस!"

बारकीचे डोळे भरून आले. आता पुन्हा पहिल्यापासून तोच डोंगर! तिला आत्याचा राग आला, माशीचा तर त्याहून जास्त.

आत्या कपाटाशी गेली आणि खालच्या खणातून एक पिवळा पडलेला छाप काढून आणला. "हे माझं दहावं."

तोच डोंगर, तीच नदी. आणि वर चांगला पाच पक्ष्यांचा थवा.

"पाच?" बारकी रडायचीच विसरली.

"तेव्हा माश्या फार होत्या."

"मग तुझे मास्तर काय म्हणाले तुला?"

"हसून हसून खोकला लागला त्यांना. मग म्हणाले, नसलेलं दिसायला लागलंय हिला, आता दुसऱ्यांचं काढण्यात हिचं मन राहायचं नाही."

असं म्हणून आत्याने फळीवरचा एक कोरा पत्रा काढला, फडक्याने लख्ख पुसला आणि बारकीच्या हातात दिला.

बारकी पत्रा घेऊन खिडकीशी बसली. संध्याकाळपर्यंत बसली, पण काय काढावं ते तिला काही केल्या सुचेना.