डॉक्टरांनी सांगितलेलं पुस्तक

हनुमंत गेल्याचं रामकिशनला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. हार्ट अटॅक. सगळ्यांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, त्यानंही लिहिलं. मग तो जेवला आणि झोपला.

त्यानंतर त्याला काही वाटेनासं झालं. नांदेडच्या एका लॅबमध्ये तो रक्त तपासायचा. ते काम बिनचूक चालू होतं. पण लेक मांडीवर येऊन बसली, की दुसऱ्या कुणाचं लेकरू असावं तसा तो तिच्याकडे बघायचा.

"हनुमंतभाऊ गेले तवापासून तुमचं असं चाललंय. लातूरला मनाच्या डॉक्टरीणबाई हायत," त्याची बायको राजकन्या म्हणाली. ती झेडपीच्या शाळेत शिकवायची. "इथं कुणी बघितलं तर लोक काय बी बोलतील."

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी राजकन्येला बाहेर बसवलं. रामकिशननं पंख्याकडे बघत, कुणा तिसऱ्याची हकिगत सांगावी तसं सांगून टाकलं. याच गावात कॉलेजला असताना तो आणि हनुमंत एका खोलीवर राहायचे. नुसते मित्र नव्हते.

"पण बायकोवर बी माझं प्रेम हाय मॅडम. खोटं लगीन न्हाई केलं मी. मग मी नेमका कोण?"

"काहींचा जीव बाईवरही जडतो, पुरुषावरही. बायसेक्शुअल म्हणतात. आजार नाही तो," त्या म्हणाल्या. झोपेच्या गोळ्या दिल्या आणि एका मराठी पुस्तकाचं नाव सांगितलं. "वाचा. घाई करू नका."

दुकानात सगळी स्पर्धा परीक्षेचीच पुस्तकं. दुकानदारानं मागवून दिलं. रामकिशननं ते लॅबमध्ये, डबा खाता खाता वाचलं. संपल्यावर राजकन्येच्या हातात ठेवलं.

"तू बी वाच. माझ्याबद्दल हाय."

तिनं पेपरचं कव्हर घालून ते शाळेत नेलं. वाचून झालं त्या संध्याकाळी ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हनुमंत ना?"

"हाव."

"मग मी?"

"तू बी. दोन्ही खरं."

"लग्नाआधी सांगायचं होतं. मी न्हाई म्हणले असते."

"त्याचंच भ्या वाटलं."

ती लेकीच्या खोलीत झोपायला लागली. डबा मात्र रोज भरून द्यायची. एका रविवारी लेकीला शेजारणीकडे ठेवून ती साडी नेसून उभी राहिली. "चला हदगावला, हनुमंतभाऊंच्या घरी. तुम्ही त्यांच्या मातीला बी गेला न्हाई."

हनुमंतची आई केवळाबाई ओसरीत बसली होती. "कोण म्हणायचं तुमी?"

रामकिशन पायरीशी चपला काढत राहिला. राजकन्या म्हणाली, "लातूरचे. हनुमंतभाऊंच्या खोलीवरचे."

"रामकिशन का?" म्हातारी उठली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "लई उशीर केला रं बाबा."

तो तसाच उभा राहिला. रडू आलं नाही.

परतीच्या एसटीत राजकन्या खिडकीशी बसली. अर्धापूर मागं पडलं तेव्हा म्हणाली, "माझा राग गेला न्हाई अजून."

"हाव."

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "कसे होते ते?"

"भात लई वाईट करायचा," रामकिशन म्हणाला. "करपवायचा. आन् मलाच बोलायचा." पुढं त्याचा आवाज फाटला. राजकन्या बाहेरच बघत होती, पण ऐकत होती. तो सांगत राहिला.