आकितीच्या आधीचा आंबा

सकाळी मला जाग आली ती कुणी लाथ मारली नाही म्हणून. गेला महिनाभर बाळ माझ्या गजराचं काम करत होतं. कचऱ्याच्या गाडीचं गाणं सोसायटीत वाजायच्या आधीच त्याची पोटात उठाठेव सुरू व्हायची, आणि मी अर्धवट झोपेत "हो रे बाबा, उठते" म्हणत कूस बदलायचे. आज गाडी येऊन गेली, वरच्या मजल्यावरचा मिक्सर फिरून थांबला, तरी पोटात सामसूम.

मी महापेला एका आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम करते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातली खोट शोधायची, हा माझा धंदा. संशय घेण्याचा मला पगार मिळतो म्हटलं तरी चालेल. म्हणून आधी मी स्वतःलाच दटावलं, की झोपलं असेल, बाळंही झोपतात. मग पोटावर टिचकी मारली. डावी कूस झाली, उजवी झाली. मोबाईलवर गाणं लावून तो पोटाला टेकवला. काही नाही. आठवा महिना लागलेला. काल रात्री ते शेवटचं कधी हललं होतं, हेही मला नीट आठवेना, आणि त्याचाच जास्त राग आला. काल रात्री मी ऑफिसच्या कॉलवर भलत्याच कुणाच्या तरी चुका शोधत बसले होते.

माझा नवरा रणजीत कंपनीच्या कामासाठी पुण्याला गेलेला. त्याला फोन केला तर तो गाड्यांच्या आवाजात ओरडला, "टेन्शन घेऊ नको, उत्कर्षा! डॉक्टरला फोन कर, मी निघतोच." टेन्शन घेऊ नको म्हणणाऱ्याचाच आवाज एवढा कापत असेल, तर ऐकणारीनं काय करायचं?

डॉ. शर्मिला मात्र शांत होत्या. दुखतंय का, रक्त जातंय का, पाणी जातंय का, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "आधी पोटात काहीतरी जाऊ दे. गोड काहीतरी, एखादं ताजं फळ खा. डाव्या कुशीवर पड आणि फक्त पोटाकडे लक्ष दे. मी दवाखान्यात पोचतेच आहे. तासाभरात हललं नाही तर सरळ ये. त्याआधी घाबरायला झालं तर त्याआधी ये."

फोन स्पीकरवर होता. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, पण त्यातला एकच शब्द उचलला.

"फळ," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

सासूबाईंचं नाव सत्यभामा. जावळीतल्या एका गावातून लग्न होऊन त्या कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आल्या आणि इथल्याच झाल्या. बोलणं मात्र तिथलंच राहिलं. सासरे, हौसेराव, तुर्भ्याच्या फळबाजारात माथाडी कामगार होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. उन्हाळा लागला की डोक्यावर आंब्याच्या पेट्या वाहून त्यांच्या सदऱ्याला, टोपीला, घामालासुद्धा हापूसचा वास यायचा. पण फोड तोंडात टाकायचे नाहीत. आमच्या घरात अक्षय्य तृतीयेच्या आधी आंबा खात नाहीत. सासूबाई तिला आकिती म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पान वाढायचं, त्यावर पहिला आंबा ठेवायचा, आणि मगच जिवंतांनी तोंड उघडायचं. टोळीतले लोक अण्णांना चिडवायचे, की आंब्याच्या ढिगात राहून उपाशी मरणारा एकच माणूस बघितलाय. अण्णा हसायचे आणि पुढची पेटी उचलायचे.

दिवाळीनंतर अण्णा गेले. म्हणजे यंदाचं पान त्यांचंच होतं. टोळीतले मानसिंगमामा त्यांच्या नावानं निवडून आंबे देऊन गेले होते, आणि सासूबाईंनी दिवाणाखाली पेंढा पसरून आढी लावली होती. त्या आढीजवळ फिरकायची सोय नव्हती. एकदा मी वाकून नुसता वास घेतला, तर म्हणाल्या, "नाकानं पन खायाचं नाय."

आता माझ्या खाण्याची तऱ्हा सांगायला हवी. दिवस राहिल्यापासून माझ्या पोटात भाकरी ठरत नाही, वरणभात ठरत नाही. ठरतो तो फक्त तव्यावर कडक भाजलेला पाव, त्यावर साय आणि सायीवर कापलेलं फळ. केळं, चिकू, होत्या तोवर स्ट्रॉबेरी. सासूबाईंना हा प्रकार बघवत नसे. "पावाला चहा असतोय," त्या म्हणायच्या. "पावावर बागाईत कोन करतं?" सहा महिन्यांत त्यांनी मला मऊभात केला, पेज केली, नाचणीचं सत्त्व केलं, पण टोस्टला हात लावला नाही. तो मी उभी राहून माझा मीच करायचा.

मी दवाखान्यासाठी उठायला लागले, तर त्यांनी खांद्याला धरून परत आडवं केलं. स्वयंपाकघरातून फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. मला माहीत होतं आत काय आहे. अर्धं लिंबू आणि एक कैरी. शेवटचं केळं मीच काल संपवलेलं, आणि फळवाल्याची गाडी इतक्या सकाळी नाक्यावर लागत नाही. त्या साखरपाणी घेऊन आल्या. मी ते प्यायले आणि लगेच बादलीत ओकले. त्यांनी माझं तोंड पुसलं, बादली बाहेर नेली. परत आल्या त्या सरळ दिवाणापाशी खाली बसल्या आणि पेंढ्यात हात घातला.

"आई, नको," मी म्हणाले. "अण्णांचे आहेत ते."

"गप पड. डाक्टरनी फळ सांगितलंय."

"मी पावावर साखर घालून खाते ना."

"साखर काय झाडाला लागती व्हय?"

एक आंबा काढून त्यांनी देठाशी नाक नेलं, ठेवला. दुसरा काढला, ठेवला. तिसरा दोन्ही तळहातांत धरून त्या जरा वेळ तशाच बसल्या. भिंतीवर अण्णांचा फोटो होता. उठताना त्यांनी पदर सारखा केला, आणि त्या फोटोकडे पाठ करून आत गेल्या.

मी पोटावर हात ठेवून पडून राहिले. हल, मी म्हणत होते. एकदाच हल. मग दिवसभर झोप, मी काही म्हणणार नाही. हाताखालच्या पोटात एक प्रकारची स्वस्थता होती, आणि मला ती स्वस्थता सहन होत नव्हती. दर मिनिटाला वाटायचं, हललं. नीट लक्ष दिलं की कळायचं, माझाच श्वास आहे तो.

आतून हाक आली, "ह्यो पाव उलटायचा कधी? भाकरीवानी फुगतो का?"

"फुगत नाही. कडा लाल झाल्या की उलटा."

करपल्याचा वास आला. काहीतरी बडबडत त्यांनी तो तुकडा टाकला असावा, कारण तवा पुन्हा वाजला. "तूप घालू का लोनी?" "साय. वरून. भाजल्यावर." आयुष्यभर चुलीवर आणि गॅसवर गावजेवणं उरकलेली बाई, आणि एका पावासाठी मला विचारत होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसून हसून लोळले असते.

बशी घेऊन त्या आल्या. टोस्ट एका बाजूनं काळपट, साय एका कोपऱ्यात गोळा झालेली, आणि तिच्यावर आंब्याच्या फोडी इतक्या रचलेल्या की पाव दिसत नव्हता. पहिला घास घेतला. आंबा गोड होता, कोयीकडे जरा आंबूस. तोंडात तो विरघळला आणि मला रडू आलं, कारण तो फार चांगला लागला. अण्णांच्या आधी मी तो खात होते, पोटातलं हलत नव्हतं, आणि तरी तो चांगला लागत होता. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

सासूबाई पलंगाला टेकून जमिनीवर बसल्या. माझ्या पोटाला त्यांनी हात लावला नाही. पलंगाच्या कडेला धरून बसल्या होत्या.

"हाललं?"

"नाही अजून."

मी दुसरा घास घेतला. तिसरा. बशी रिकामी केली आणि डाव्या कुशीवर वळले.

"हाललं?"

"थांबा ना, आई."

त्या थांबल्या. मग माझ्याशी नाही, फोटोशीही नाही, समोरच्या कपाटाकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या आधी तिला दिला. काय बोलायचं ते मला बोला. तिला नगं. त्या लेकराला तर नगंच." आणि त्यांनी हात जोडले. मान खाली गेली ती वर येईना.

ते मला बघवलं नाही. आंबा कापला गेला होता, तो परत जोडता येणार नव्हता. तो कापून काहीच झालं नाही, असं मी या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून जेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, "हाललं?", तेव्हा मी म्हणाले, "हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि बशी उचलून बाहेर गेल्या.

मी पडून राहिले. आता खोलीत मी आणि माझं खोटं, दोघंच. दुसऱ्यांच्या चुका पकडणारी मी, आणि इथे सगळ्यात मोठी चूक मी हातानं झाकून ठेवत होते. आत जर आत्ता काही बिघडत असेल, आणि मी सासूचं मन राखायला इथे पडून असेन, तर? भीती इतकी उघड आणि इतकी साधी असते हे मला माहीत नव्हतं. मी ओरडले, "आई!"

त्या दारात आल्या. पायात चपला होत्या, खांद्यावर माझ्या तपासण्यांच्या कागदांची पिशवी.

"आई, मी खोटं बोलले. नाही हललं."

"म्हाईत हाय. ऊठ. खाली रिक्षा थांबवलीय."

जिना त्यांनी मला धरून उतरवला. रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याला म्हणाल्या, "हळू घे रे बाबा. आन् लवकर पन घे." तो बिचारा बोनकोड्याच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाला रिक्षा पाळण्यासारखी चढवत उतरवत होता, आणि मधल्या जागेत सुसाट सुटत होता.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

त्या बाहेर बघत होत्या. "रनजीतच्या आधीची एक व्हती," त्या म्हणाल्या. "ती पन अशीच गप झाली. सासू सारखी विचारायची, हाललं का, हाललं का. माझ्यापायी तिनं उपास धरला व्हता. म्हातारीला बरं वाटावं म्हनून मी हाललं म्हनाले. दोन दिस म्हनत ऱ्हायले."

मला हे कुणी कधीच सांगितलं नव्हतं. रणजीतला तरी माहीत असेल का, कोण जाणे.

"तू हो म्हनालीस," त्या म्हणाल्या, "आन् मला माझाच आवाज ऐकू आला. तवाच चपला घातल्या."

मी त्यांचा हात घट्ट धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. दवाखाना येईपर्यंत दोघींचेही हात घामानं ओले झाले होते.

डॉ. शर्मिलांनी लगेच आत घेतलं. सिस्टरनं पोटावर गार जेल लावलं आणि बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र फिरवायला सुरुवात केली. नुसती खरखर. खाली सरकवलं, खरखर. डाव्या बाजूला एक ठोका लागला, तो माझाच निघाला. मी सिस्टरच्या आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायचं सोडून छताकडे बघत होते. सासूबाई पायांशी उभ्या होत्या. माझ्या पायाचा अंगठा त्यांनी मुठीत धरला होता, दुखेल इतका.

सिस्टरनं यंत्र उजवीकडे, बरगडीखाली नेलं.

आणि तो आला. भरभर, भरभर, न थांबता, दमदार.

"हे बघ," डॉ. शर्मिला म्हणाल्या. त्यांचाही श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. "फिरलंय ते. पाठ पोटाच्या पुढच्या बाजूला केलीय, लाथा आतल्या बाजूला मारत असणार, म्हणून तुला कळत नाहीयेत. तरी आज इथेच ठेवते तुला, मशीन लावून बघू. पण ठोके छान आहेत."

मी रडायला लागले. मोठ्यानं, लाज सोडून. सासूबाई मात्र रडल्या नाहीत. अंगठा तसाच मुठीत धरून त्या त्या आवाजाकडे कान लावून उभ्या होत्या, आणि त्यांचे ओठ आवाजाबरोबर हलत होते. सिस्टर यंत्र बंद करायला गेली, तसा त्यांनी हात पुढे केला.

"बंद नगं करू, बाई. आवाज मोठा कर जरा."

"आजी, येतोय की ऐकू."

"मला येतोय गं. वर जाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्यांचा आंबा कुनी खाल्ला, ते कळू दे त्यास्नी."