मुकादमाची जागा

"ठोंब्या, माझा मुकादम कुठं गेला रे?"

बुटाची नाडी बांधता बांधता तो थबकला. आत्या दारात उभी होती, चष्मा कपाळावर चढवलेला आणि फोन अगदी नाकाशी धरलेला. मुकादम म्हणजे ससा. खराखुरा नव्हे, फोनमधल्या खेळातला. खेळ निघाला तेव्हापासून तो आत्याच्या खुराड्यात ठाण मांडून बसलेला. त्याचा एक कान टोकाशी तुटका होता, कारण पहिल्यावहिल्या चित्रात तेवढी चूक राहून गेली होती. पुढच्या सशांना कान नीट मिळाले, मुकादमाचा तसाच राहिला.

"असेल गं तिथंच. पेंढ्यामागं बघ."

"पेंढा उचकून झाला, विहीर बघून झाली. कुठं नाही मेला."

"संध्याकाळी बघू. मला उशीर होतोय," असं म्हणून तो जिना उतरला. उशीर कसला आलाय! मुकादम कुठं गेला हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंच तर घालवला होता.

तो खेळ त्याच्याच कंपनीचा. लोकांनी फोनवर शेत करायचं, कोंबड्या पाळायच्या, ससे वाढवायचे. बाकी सगळं झकास होतं, पण सशांनी लाज आणली होती. कुठलेही दोन ससे एकत्र ठेवून गाजर घाला, पिल्लू आपलं पांढरंच, साच्यातून काढल्यासारखं. खेळणारे वैतागले होते. साहेबांनी हे काम त्याच्या गळ्यात मारलं, आणि मग त्याला त्याची गोडीच लागली. त्यानं काळे ससे केले, तपकिरी केले, ठिपक्यांचे, लांब केसांचे, लोंबत्या कानांचे केले. आईबापांचा रंग पिल्लात उतरावा, आणि अधूनमधून आजोबांचाही अचानक वर यावा, अशी सोय केली. त्याचं स्वतःचं नाक आत्यावर गेलं होतं, ते त्याच्या डोक्यात होतं. आई गेल्यावर त्याला आणि दादाला आत्यानंच वाढवलं. लोकांचे कपडे शिवून शिवून वाढवलं.

पण ससे ते ससेच. मजा वाटायला लागल्यावर लोकांनी इतके वाढवले की खुराडी ओसंडली आणि फोन तापून बंद पडायला लागले.

"मर्यादा घाल," साहेब म्हणाले. "खुराडं भरलं की नवा येताना एक जुना कमी."

"जुना म्हणजे कुठला?"

"सगळ्यात म्हातारा. दुसरा कुठला? आणि बोभाटा नको. सांगितलं की लोक रडत बसतात."

त्यानं ते लिहून टाकलं. समोरचा चहा निवायच्या आत झालं. तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटायला हवं होतं. कारण घरीही तेच चाललं होतं. बायकोला दिवस गेले होते. घर म्हणजे दोन खोल्या आणि मागची एक छोटी, त्यात आत्याची कॉट आणि शिलाई मशीन. पाळणा ठेवायचा कुठे? दादाचं घर दुसऱ्या गावाला, पण ऐसपैस. तेव्हा आत्यानं आता तिकडं राहावं, असं दार लोटून नवरा-बायकोनं ठरवलं होतं, आणि फोनवर दादानंही होकार दिला होता. सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त जिला जायचं होतं तिला सोडून.

"मी सांगू का त्यांना?" बायकोनं विचारलं होतं.

"नको, मीच सांगतो."

"कधी? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस नुसता."

आज सांगू, उद्या सांगू, असं करत दिवस चालले होते.

संध्याकाळी तो घरी आला तर आत्या मशीनपुढं बसली होती, पण चाक फिरत नव्हतं.

"माझंच चुकलं रे," ती म्हणाली. "बाळाला दाखवायला म्हणून ठिपक्यांचा, पडक्या कानांचा ससा करायचा होता मला. करत बसले पिल्लांवर पिल्लं. काल मनासारखं झालंसुद्धा. पण त्या नादात मुकादमाला गाजर घालायचं राहिलं असणार. उपाशी निघून गेला बिचारा. नवं आलं की जुन्याकडं लक्ष राहत नाही बघ माणसाचं."

"अगं, खेळ आहे तो."

"खेळ आहे म्हणून काय झालं? खायला मीच घालत होते ना?"

इथं बोलायला हवं होतं. तुझं काही चुकलेलं नाही, मी चुकलो, एवढं म्हटलं असतं तर जीभ झडली नसती. पण एक सांगायला गेलं की दुसरंही बाहेर येईल, या भीतीनं तो हात धुवायला म्हणून आत गेला आणि उगाच बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. त्याच्या पापाचं खापर म्हातारीनं आपण होऊन डोक्यावर घेतलं आणि त्यानं ते घेऊ दिलं, हे त्याला चांगलं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. "तो नियम बदलायचाय. कोण जाणार ते खेळणाऱ्याला विचारायला पाहिजे."

"का? तक्रार आलीय?"

"आलीय. घरून, आत्याची."

"तुझी आत्या कंपनीची मालकीण कधीपासून झाली रे?" साहेब हसले. पण त्याच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाले, "कर बाबा. पण आजच्या आज आटप."

त्यानं आटपलं. आता खुराडं भरलं की पाटी येत असे: 'जागा संपली. कोणाला निरोप द्यायचा?' मग जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीतून मुकादमाला शोधून काढून आत्याच्या खुराड्यात परत सोडलं, तुटक्या कानासकट.

"आलास का मेल्या!" घरी आत्यानं फोनलाच दटावलं. एवढी हसली की चष्मा घसरला. मग तिनं पाटी वाचली, पुन्हा वाचली. "हे नवीन दिसतंय. आधी काय होतं?"

"आधी... जागा संपली की सगळ्यात म्हातारा आपोआप जायचा. न सांगता."

"म्हणजे मी त्याला उपाशी नव्हतं ठेवलं?"

"नाही गं."

"आणि हा नियम कुणी केलेला?"

"मी."

"मग काल का नाही बोललास? रात्रभर जिवाला घोर माझ्या."

तो वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. आत्यानंही ताणलं नाही. पदरानं फोनची काच पुसत ती म्हणाली, "असू दे. आता विचारतोय ना, ते बरं केलंस. विचारावं रे."

"आत्या, मला तुला एक सांगायचंय."

"दादाकडं जायचं ना? मीच फोन केला त्याला. रविवारी येतोय न्यायला."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? सूनबाई टेप घेऊन खोलीचं माप घेत होती, पाळण्यासाठी. त्या मापात माझी कॉट नव्हती. जन्म गेला माझा मापं घेण्यात, तेवढं कळतं मला."

राहा गं, आपण काहीतरी करू, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. पण त्याच वेळी आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या वाटण्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. शब्द ओठांवरच राहिले.

"मग यातलं कोण जाणार?" विषय बदलायचा म्हणून त्यानं पाटीकडं बोट दाखवलं.

"माझं मी बघते. तू जेवून घे."

रविवारी दादा आला. आत्याचं सामान ते काय, एक ट्रंक, एक वळकटी आणि मशीन. बायको रडली, ती खरंच रडली. आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, दुपटी शिवून पाठवीन म्हणाली, आणि त्याला म्हणाली, "वेळेवर खात जा, ठोंब्या." गाडी वळेपर्यंत तो हात हलवत राहिला. मागच्या खोलीत फरशीवर मशीनच्या पायांचे गंजके ठसे उमटले होते. बायकोनं घासले, पण निघाले नाहीत.

सोमवारी कामावर पाटी नीट चालते का ते तपासायचं होतं. त्यासाठी त्याला कुणाचंही खुराडं उघडून बघता येत असे. त्यानं आत्याचं उघडलं.

काळा गेला होता. तपकिरी गेला होता. लांब केसांची ती ऐटबाज जोडी, जिच्यावर त्यानं सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, तीही गेली होती. प्रत्येकाला आत्यानं एकेक करून निरोप दिला होता. खुराड्यात मधोमध तुटक्या कानाचा मुकादम बसला होता, आणि त्याच्या कुशीला ते ठिपक्यांचं, पडक्या कानांचं पिल्लू झोपलं होतं. भोवती सगळीकडं नुसता पेंढा.

साहेब मागं येऊन उभे राहिले होते. "काय रे, अजून आहे का जागेची अडचण?"

"नाही," तो म्हणाला. "जागा होती."