वेशीवर चढलेला लाल फेटा

मित्रांनो, मी एक जुना लाल फेटा आहे. माझा रंग बाजारच्या पुडीतला नाही हं! आल नावाच्या झाडाची मुळं खणून, वाळवून, कुटून रंगाऱ्यानं तो काढला. आधी मला एरंडेल चोळलं, शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात बुडवलं (शी! मलाही तसंच वाटलं), मग तुरटीत. तुरटी नसेल तर हा लाल रंग कापडावर टिकतच नाही.

सोनगीरजवळच्या आमच्या गावात माझा थाट काय सांगू! पोळ्याला गावचा प्रमुख मला बांधून बैलांपुढे चालायचा. लाल फेटा ज्याच्या डोक्यावर, त्याचा शब्द शेवटचा. पाटील गेले, सरपंच आले. डोकी बदलली, मी तोच. उरलेलं वर्ष मात्र ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात!

मग सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि तानुबाई निवडून आल्या. पोळ्याला त्यांनी मला बाहेर काढलं, तोच उपसरपंच रुपचंदभाऊ दारात हजर. डोक्यावर स्वतःचा नवाकोरा फेटा, तुरा हातभर उंच!

"तानुअक्का, तुमना डोकावर तं पदर शे. फेटा कोठे बसाडशात? द्या इकडे, यंदाना मान मी लिसू."

माझा जीव टांगणीला! मला देऊन टाकलं असतं, तर तानुबाई नावापुरत्याच सरपंच राहिल्या असत्या. त्यांनी मला घट्ट धरलं. दुसऱ्या हातानं पदर चाचपला. तो त्यांना काढायचा नव्हता, आणि मान सोडायचा नव्हता. मग एकदम हसल्या.

"डोकावरच कसाले, भाऊ? बठ्ठा गावना मान शे, वेसवर बांधू! ताईबाई, धर एक टोक!"

शेजारची ताईबाई ओट्यावरून उडी मारूनच आली. मान सगळ्या गावाचा, म्हणून वेशीच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत मी तोरणासारखा ताणला गेलो. अंगात वारा भरला. तानुबाई पुढे, मागे रंगवलेल्या शिंगांचे बैल, सगळे माझ्याखालून वाजतगाजत गेले. शेवटी रुपचंदभाऊ आले आणि त्यांचा तुरा माझ्यात अडकला!

"वाका भाऊ, वाका!" ताईबाई ओरडली. "नाहीतं दोन्ही फेटा फाटतीन!"

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं, फेटा काढून काखेत मारला, वाकून पलीकडे गेले आणि स्वतःच खो खो हसत सुटले.

मित्रांनो, मला गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, कसर लागू देऊ नका. पण ट्रंकेत कोंबून जपू नका बरं! एका डोक्यावर बसून मला फक्त गर्दी दिसायची. वेशीवरून अख्खं गाव दिसलं.