परातीतलं लाल पाणी

रविवारी सकाळी दहा वाजायच्या आत जासईजवळच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरत नसे. मागे कंटेनरच्या थप्प्या, पुढे रिक्षा, स्कूटर आणि चार-दोन महागड्या गाड्या. आत माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर कुणाच्या तरी आजाराची फाईल. समोर पाटावर पितळेची मोठी परात. परातीतलं पाणी इतकं नितळ, की तळावरचे ठोके मोजता यावेत.

"बघून घ्या," शुद्धनाथ महाराज माइकवरून म्हणत, "हे पाणी आहे. पण रोग्याचं माणूस यात हात घालील, तेव्हा त्याच्या हातांतून रोग्याचं दूषित रक्त खाली उतरेल. हा चमत्कार नाही. हे सायन्स आहे. व्हायब्रेशनचं सायन्स! परदेशात यावर रिसर्च चालू आहे."

कुठल्या देशात चालू आहे आणि कोण करतंय, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

जुलैच्या एका रविवारी करावे गावचा धर्मराज त्या परातीपुढे येऊन बसला. वय अठ्ठावन्न. बापाची होडी खाडीत जायची. धर्मराज मात्र गावठाणातल्या तीन खोल्या भाड्यानं देऊन आणि एका गोदामात नोकरी करून निवृत्त झालेला. शिष्यानं 'रक्षणासाठी' म्हणून त्याच्या दोन्ही तळव्यांना भंडारा चोळला. धर्मराजनं डोळे मिटले, बायकोचं नाव घेतलं आणि हात परातीत बुडवले. बोटांभोवती आधी एक लालसर रेघ फिरली, मग दुसरी, आणि बघता बघता सगळं पाणी रक्तासारखं लाल झालं. शेडमध्ये एकच गलका उठला. मागच्या बाया उभ्या राहिल्या. धर्मराज हुंदके देऊन रडला.

त्याची बायको मालतीबाई त्या वेळी हॉस्पिटलात होती. एक दाढ काढायचं निमित्त झालं आणि रक्त थांबेचना. तपासण्या झाल्या. रक्ताचा कॅन्सर निघाला, ल्युकेमिया. डॉक्टर संघमित्रा यांनी त्याच आठवड्यात तिला भरती करून घेतलं आणि औषधं सुरू केली. पहिले चार आठवडे ताप, उलट्या, तोंडभर फोड. केस उशीवर पुंजक्यांनी राहायचे. धर्मराजला आत फार वेळ बसू देत नसत. बाहेरच्या बाकावर बसून नुसती वाट बघायची, हे त्याला सोसेना. काहीतरी करायला हवं होतं, आणि करायला त्याच्या हातात काही नव्हतं. शेजारच्या रोग्याच्या भावानं जासईचं नाव सांगितलं, तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं, चला, आता आपल्यालाही काही करता येईल.

दुसऱ्या रविवारी परातीतलं पाणी फिकट गुलाबी झालं. तिसऱ्या रविवारी ते लाल झालंच नाही, भंडाऱ्यानं नुसतं पिवळसर झालं.

"उतरलं!" महाराज ओरडले. "रक्त शुद्ध झालं!"

आणि खरोखरच त्याच आठवड्यात रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर संघमित्रा स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या, "कॅन्सरच्या पेशी आता तपासणीत दिसत नाहीत. पण दिसत नाहीत म्हणजे संपल्या, असं नसतं. थोड्या लपून राहतात आणि पुन्हा वाढतात. म्हणून अजून तीन वेळा औषध द्यायचं आहे. पुढची तारीख लिहून देते. ती चुकवू नका."

धर्मराजला त्यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं.

पुढच्या रविवारी महाराजांनी त्याला माइक दिला आणि रिपोर्ट सगळ्यांना दाखवायला लावला. "डॉक्टर स्वतः लिहून देतात, रक्त स्वच्छ! मग स्वच्छ रक्तात पुन्हा विष कशाला ओतायचं? औषध थांबवा. अकरा रविवार दर्शनाला या." महाराज पैसे मागत नसत, दाराशी पेटी होती, ती आपोआप भरायची. महाराज मागायचे ती साक्ष. आणि धर्मराजनं ती मनापासून दिली. "माज्या डोल्यांनी बघितलंय. माजी बायको बरी झाली."

खाली उतरल्यावर एक तिशीतला माणूस त्याच्याजवळ आला. बासित नाव, उरणकडचा. त्याच्या बायकोला, नाझियाला, हाच आजार होता. "काका, खरंच फरक पडतो ना? आमच्याकडे पण पहिला डोस झालाय." धर्मराजनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बिनधास्त ऱ्हा. मी सांगतो ना." त्यानं घरचा फोन नंबरही दिला. दोघी बायका फोनवर बोलू लागल्या.

मुलगी स्नेहल बेलापूरला नोकरी करायची. दुसऱ्या औषधाच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती, तेव्हा धर्मराज म्हणाला, "उद्या जायचं नाय."

"पप्पा, तारीख आहे. मी रजा टाकलीय."

"कॅन्सल कर. रक्त साफ झालंय."

"ते औषधानं झालंय!"

"तू हात घातलास का परातीत? मी घातला."

स्नेहल आईकडे वळली. मालतीबाई भिंतीला टेकून बसली होती. टक्कल लपवायला पदर घट्ट ओढलेला. "थोडे दिवस घरी ऱ्हाते ग," ती म्हणाली. "तोंड बरं झालंय तर जरा भात-कालवन खाते." तिला त्या वेळी कसलाच वाद नको होता. अंग विसावा मागत होतं, आणि नवरा म्हणत होता की विसावा घेतला तरी चालेल.

हॉस्पिटलमधून तीनदा फोन आले. धर्मराजनं उचलले नाहीत.

नऊ आठवडे खरंच बरे गेले. मालतीबाईच्या डोक्यावर बारीक केस उगवले. ती ओट्यापाशी उभी राहून स्वयंपाक करू लागली. धर्मराज गावभर सांगत फिरला. मग एका सकाळी तिच्या दंडावर जांभळा डाग दिसला. कुठे आपटलं, तिला आठवेना. दोन दिवसांनी दुसरा. दात घासताना थुंकी लाल आली. ताप चढला.

डॉक्टर संघमित्रा रागावल्या नाहीत. रिपोर्ट वाचून फक्त म्हणाल्या, "परत आलाय. आणि या वेळी जास्त आहे. पुन्हा भरती करून औषध देऊ, पण ते लागू पडेलच असं नाही." त्या रागावल्या असत्या, तर धर्मराजला बरं वाटलं असतं.

तो धावत जासईला गेला. महाराजांनी डोळे मिटले. "घरातल्या कुणाची तरी श्रद्धा कमी पडली." धर्मराजला लगेच स्नेहल आठवली. आठवडाभर तो पोटच्या मुलीशी बोलला नाही. ती आईसाठी रक्तदाते शोधत वणवण फिरत होती आणि हा तिच्याकडे पाठ करून बाकावर बसत होता.

पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा परातीत हात घातले. पाणी पुन्हा लालभडक. इतकं, की त्याला धडकी भरली. हात न धुता, नुसते रुमालाला पुसून तो तसाच हॉस्पिटलात आला. दुपारची भेटीची वेळ होती. मालतीबाईनं हात पुढे केला, घाम पुसायला रुमाल मागितला, आणि तो बघून थांबली. पांढऱ्या रुमालावर मध्ये पिवळा डाग, कडेनं लाल.

"हे काय?"

"तुजं खराब रक्त. आज लय उतरलं."

"आनि हे पिवलं?"

"भंडारा. हाताला लावतात."

"पान्यात हात घालायच्या आधी का नंतर?"

"आधी."

मालतीबाईनं तो डाग नखानं खरवडून बघितला. मग म्हणाली, "त्या बेसिनवरचा साबन घ्या. ह्या पिवल्या डागाला लावा जरा."

धर्मराजनं रुमाल भिजवला, साबण घासला. पिवळा डाग त्याच्या डोळ्यांदेखत लाल झाला. त्यानं चपापून रुमाल नळाखाली धरला. खूप वेळ पाणी सोडल्यावर डाग पुन्हा पिवळा झाला.

"चालीस वर्षां तुमचे कपडे धुते मी," मालतीबाई म्हणाली. आवाज इतका बारीक झाला होता, की त्याला वाकून ऐकावं लागलं. "हलदीचा डाग साबनानं लाल होतो. कोनत्याबी बाईला इचारा. परातीत साबन असता तर फेस दिसला असता. चुना असंल. चुना पान्यात कालवून ठेवला की खाली बसतो, वरची निवली पान्यासारखीच दिसते. माजी आय लग्नात नवरानवरीवरून ओवालायला हलद-चुन्याचं असंच लाल पानी करायची. रक्त नाय ते."

"मग तिसऱ्या रविवारी लाल का नाय झालं?"

"त्या दिवशी चुना घातला नसंल."

एवढं सोपं होतं. धर्मराज पलंगाच्या कडेवर बसला. त्यानं विचारलं, "मना आधी का नाय सांगितलंस?"

"तुमी हात धुऊन यायचे. मना कुठं काय दिसलं? तुमी सांगाल ते ऐकायची." ती थांबली, श्वास घेतला. "आनि खोटं कशाला बोलू, मनाबी ते खरं असायला पायजेच होतं."

धर्मराजनं तोंड हातांत लपवलं. तिनं त्याला रडू दिलं. मग त्याच्या मनगटाला हात लावून म्हणाली, "नाझियाची दुसरी तारीख दोन महिन्यांपूर्वी होती. ती गेली नाय. तुमच्यामुलं. तिला कोन सांगनार?"

त्यानं तिथूनच बासितला फोन लावला. बासितनं ऐकून घेतलं, पण पटलं नाही. "काका, तुम्हीच माइकवर बोललात ना? आता काकींना परत त्रास झाला म्हणून असं बोलताय. टेन्शनमध्ये आहात तुम्ही."

"रविवारी ये तिथं," धर्मराज म्हणाला. "फक्त एकदा. माज्यासाठी."

त्या रविवारी शेड नेहमीसारखीच भरली होती. महाराजांनी धर्मराजला बघितलं आणि ओळख दाखवली. "या, हे आमचे जुने भक्त. संकटातही श्रद्धा सोडली नाही." त्यांनी माइक पुढे केला.

धर्मराजनं तो घेतला. त्यानं खिशातून स्टीलचा चमचा काढला, भंडाऱ्याच्या ताटात घोळला आणि कुणाला काही कळायच्या आत महाराजांच्या परातीत बुडवून ढवळला.

पाणी लाल झालं.

"बघा," धर्मराज म्हणाला. माइकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. "माज्या चमच्याला रक्ताचा कॅन्सर झालाय. सांगा महाराज, याला किती रविवार आनू?"

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "अगो, हलद-चुना हाय हा."

"पाण्याचा अपमान झाला!" महाराज उठले. "अपवित्र वस्तू घातल्यामुळे—" शिष्यांनी धर्मराजचे दंड धरले. माइक बंद झाला, तर तो तसाच ओरडला, "मीच इथं बोललो होतो, बायको बरी झाली. ती औषधानं झाली होती. औषध मी थांबवलं. आता ती मरतेय. ज्यांनी माजं ऐकून औषध थांबवलंय, त्यांनी आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा!"

त्याला बाहेर ढकललं. त्याच्यामागे सगळी शेड रिकामी झाली, असं काही घडलं नाही. वीस-पंचवीस माणसं फाईल उचलून निघाली. बाकीची बसून राहिली. एक बाई तर जाता जाता त्याला म्हणाली, "तुमचं नशीब फुटलं म्हणून दुसऱ्याची आशा का तोडता?" पण त्या वीस-पंचवीस जणांत बासित होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, गाडी आणलीय मी. नाझियाला घेऊन येतो. तुम्ही डॉक्टरांना सांगाल का, उशीर कसा झाला ते? मला नाही बोलता येणार."

"मी सांगतो," धर्मराज म्हणाला. "चूक माजी हाय."

नाझियाचा रिपोर्ट अजून बिघडला नव्हता. तिचं दुसरं औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. ती त्याच हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर होती, मालतीबाई चौथ्या. हे कळल्यावर मालतीबाईनं इतकंच विचारलं, "तिला सांगितलं का, तोंडात फोड आले तरी घाबरू नको म्हनून?"

अकरा दिवसांनी मालतीबाई गेली. सकाळी, स्नेहल तिच्या ओठांना पाणी लावत असताना.

धर्मराजनं डॉक्टर संघमित्रांना एकदाच विचारलं. "तारीख चुकवली नसती, तर वाचली असती का?"

त्यांनी मालतीबाईची फाईल मिटवली. "नक्की सांगता येत नाही. सगळी औषधं वेळेवर घेऊनही काहींचा आजार उलटतो. पण चांगली संधी होती. ती हातची गेली."

त्याला हो तरी हवं होतं, नाहीतर नाही तरी. दोन्ही मिळालं नाही. यापुढे आयुष्यभर मिळणार नाही.

तेराव्यानंतर बापलेक पोलीस ठाण्यात गेले आणि महाराजांविरुद्ध तक्रार दिली. बाकावर बसल्या बसल्या धर्मराज मुलीला म्हणाला, "तुज्याशी बोललो नाय त्या दिवसांत. आय असताना." स्नेहलनं मान हलवली. ती अजून त्याला माफ करू शकली नव्हती, पण त्याच्या बाजूलाच बसून होती.

मालतीबाई देवभोळी होती. उशाशी एकवीरेचा फोटो होता आणि औषध चढत असताना ती त्याच्याकडे बघत पडून राहायची. त्या देवीनं तिला कधी सुई काढून टाक म्हटलं नाही. दुखण्यात माणसाला आधार लागतो. तो ज्याचा त्यानं घ्यावा. त्यावर कुणी हसू नये. पण ज्याच्यापुढे हात जोडतो, तो रोज घरात दिसणाऱ्या हळद-चुन्याला रक्त म्हणत असेल, तर डोळे उघडून एकदा विचारावं: हे कसं झालं? विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो भामटा. आणि कोणत्याही नावानं, कोणत्याही वेषात कुणी म्हणालं, की तुमच्या माणसाचं औषध थांबवा, तर त्याच्यासमोरून उठा. त्याच पावली हॉस्पिटलात जा. तारीख उलटून गेली असली, तरी जा.